जुळे सोलापूरचं घर आणि रामहरींचा हक्क

मी, डॉ. काशम्मा ईरप्पा बिराजदार, वय ६६, निवृत्त प्राध्यापिका, मूळ गाव मैंदर्गी, हल्ली राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. गुडघे गेलेत, पण बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टार्जित पगारातून घेतलेलं आहे. माझ्या पश्चात त्यात श्री. रामहरी वाघमोडे, मूळ राहणार मोहोळ, यांना तहहयात राहण्याचा हक्क राहील. त्यांना कोणीही बाहेर काढू नये. त्यांच्यानंतर घर माझी भाची ऋतुजा हिचं.

रामहरी माझे कोण, असं विचारलं जाईल म्हणून लिहिते. वडिलांना मधुमेह होता. इन्शुलिनचा निरोप पेशीत कुठे अडतो हे शोधायला मी संशोधनाला गेले. हा निरोप थांबवणारी एन्झाइमं असतात, प्रोटीन टायरोसिन फॉस्फटेज. माझ्या परीक्षानळीत ती सारखी बंद पडत. मार्गदर्शक सर्वांसमोर म्हणाले, ''तुझ्या हातात स्वच्छता नाही.'' माझं काम काढून घेतलं. शेजारच्या टेबलावर रामहरी संशोधन करत होते. म्हणाले, ''एन्झाइम मेलंय कशावरून? त्यातलं गंधक पूर्ववत करणारं रसायन घालून बघू की.'' घातलं, आणि एन्झाइम पुन्हा चालू झालं.

ते हवेतल्या ऑक्सिजनने बंद पडत होतं. पेशी हेच मुद्दाम करते. इन्शुलिन आलं की ती थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. तो एन्झाइमच्या कामाच्या जागेवरच्या गंधकाला धरतो. निरोप पोचेपर्यंत एन्झाइम गप्प राहतं, मग पेशीच त्याला मोकळं करते. पुढे परदेशात हे सविस्तर सिद्ध झालं. आमचं मात्र कोणी ऐकलं नाही. मी सोलापुरात शिकवायला लागले, मागोमाग रामहरीही आले.

२. मार्गदर्शक आता हयात नाहीत. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही.

३. धाकटा भाऊ शिवानंद याला मैंदर्गीच्या शेतातला माझा हिस्सा. आई असेपर्यंत परजातीत लग्न करणार नाही, असा शब्द त्याने माझ्याकडून घेतला होता. आई ब्याण्णव वर्षं जगली. तिच्यानंतर रामहरी इथे राहायला आले. गेल्या महिन्यात शिवानंद म्हणाला, ''अक्का, तुझ्यामागं ह्यांची सोय मोहोळला करू. घर आपल्यातच राहू दे.'' रामहरी समोरच बसले होते. त्यांनी त्याच्यापुढे चहा ठेवला. हे मृत्युपत्र मी त्या दिवशी लिहायचं ठरवलं.

४. पिपेट व सूक्ष्मदर्शक माझ्या महाविद्यालयाला. विद्यार्थ्यांचा प्रयोग फसला तर आधी प्रयोग तपासावा, मग हात.

५. अंमलबजावणी ऋतुजाने करावी.

मसुदा ऐकून रामहरी म्हणाले, ''माझं नाव नको घालू. लोक बोलतील.''

''बोलतातच की. आता कागदावरही येऊ दे.''

दारावर आजवर माझ्या एकटीच्या नावाची पाटी होती. दोघांच्या नावांची पाटी करायला टाकली आहे. ती माझ्या मरणाची वाट न बघता सोमवारी लागेल.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ : सोलापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) काशम्मा ईरप्पा बिराजदार

साक्षीदार :
१. (सही) रेश्मा इनामदार, शेजारी
२. (सही) अभिमन्यू गुंड, माजी विद्यार्थी, कुंभारी