कदिर कोणी काढला

९ जाने. ९४, रवि.
भीमराव अण्णांकडे नेहमीची बैठक. आम्ही पांच-सहा जण, सगळे जुन्या तमिळ चित्रकथांचे वेडे. अण्णा सर्वांत वडील. सर्व्हे कचेरींतून निवृत्त, डोळे जवळजवळ गेलेले. ‘कलंगरै कदिर’चे अंक जमवले त्यांनी, आतां वाचून दाखवतें मी. कदिर म्हणजे दीपस्तंभाचा राखणदार, चोरटा माल आणणाऱ्यांचा काळ. वाचतांना चित्रही सांगावें लागतें. “होडी कुठें आहे? डावीकडे कीं उजवीकडे?” असें विचारतात.

आज एक मनुष्य आला. सेल्वराज. मद्रासचा, पन्नाशीचा. चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या. म्हणाला, “कदिर मी काढला, सार.”
सगळे उभे राहिले. मी नाहीं.
एकाही अंकावर चित्रकाराचें नांव नाहीं. इतकीं वर्षें आम्ही त्यावरच भांडतों, आणि हा आयता चालत आला! अण्णांचा पत्ता कोणी दिला, तर म्हणे “कुंभकोणला एका रसिकानें.” कुठल्या? नांव आठवत नाहीं.
मग त्यानें अण्णांच्या पुढ्यांत कागद धरून कदिरचा चेहरा काढला. अण्णा कागद डोळ्यांशीं नेऊन बघत राहिले. रडले. दिसलें काय त्यांना, देव जाणे.
बाकीच्यांनी आपापल्या अंकांवर सह्या घेतल्या. माझा अंक पिशवींतच राहिला.

१० जाने.
शाळेंतून येऊन माझ्या अंकांची पेटी उघडली. कदिरचा फाटका कान डावा. त्यानें काल उजवा काढला. सगळे अंक नाहींत माझ्याकडे, पण आहेत त्यांत डावाच.
ह्यांना सांगितलें. हे केबलवर क्रिकेट बघत होते. “कानावरून माणूस पकडतेस? वर्गांतल्या पोरींचें गणित तपास.”
देवनागरींत लिहितें तें बरें. माझ्या वडिलांनी, नानांनी, शिकवली. ह्या घरांत मराठी बोलतात, पण ही लिपी दुसऱ्या कोणाला वाचतां येत नाहीं.

१४ जाने., पोंगल
अण्णांकडे पोंगलचा गोड भात द्यायला गेलें तर सेल्वराज तिथें बसलेला. ऊंस घेऊन आला होता. सणाच्या दिवशीं ह्याला घर नाहीं?
मला म्हणाला, “टीचरम्मा, तुम्हांला मी आवडलों नाहीं.”
मी सरळ विचारलें, फाटका कान कुठला?
हंसला. “पुढच्या अंकांत उजवा झाला. छापतांना एकदां चित्र आरशांतल्यासारखें उलटें लागलें, मग तसेंच चालवलें.”
अण्णांच्या कपाटांतला एक उशिराचा अंक काढून बघितला. उजवा. कितीदां वाचून दाखवला असेन हा अंक! माझ्या कधीं लक्षांत आलें नाहीं.
तरी. हें ज्यानें अंक नीट बघितले त्यालाही माहीत असेल. ज्यानें काढले त्यालाच, असें कुठें?

१६ जाने., रवि.
आतां कळलें. सेल्वराज कदिर पुन्हा छापायचा म्हणतो, चांगल्या कागदावर. मूळ चित्रें गोदामांत पाणी शिरून गेलीं. म्हणून जुने अंक पाहिजेत. सगळे. आणि सगळे असलेला मनुष्य एकच, भीमराव अण्णा. फक्त एक दिवाळी अंक त्यांच्याकडे नाहीं, तो माझ्याकडे.
अण्णा ताबडतोब “घेऊन जा” म्हणाले.
मी म्हणालें, “अण्णा, इथेंच फोटो काढूं दे कीं.”
से. म्हणाला, बारीक रेघा फोटोंत येत नाहींत, छापखान्याच्या मोठ्या कॅमेऱ्यापुढें अंकच ठेवायला लागतात. खरें असेल. खोटें असेल.
जिन्यांत अण्णांना गांठलें. “कोण कुठला तो?”
“तूं फार वाईट बघतेस गे सरसू.”
“तुम्हांला दिसत नाहीं म्हणून मी बघतें.”
बोलून गेलें. तसें बोलायला नको होतें. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, माझा हात त्यांनी घेतला नाहीं.

१८ जाने.
एस.टी.डी. बूथवरून से.नें दिलेल्या मद्रासच्या नंबरला फोन. कोणा बाईनें उचलला. “सेल्वराज? इथें राहतात. गांवाला गेलेत.” चित्रकार आहेत का? “बोर्ड रंगवतात. दुकानांचे.” मी कोण तें तिनें विचारायच्या आंत मीच फोन ठेवला.
बोर्ड रंगवणारा. वा.
पण कदिर छापणारी कंपनी बंद पडल्यावर चित्रकारानें दुसरें काय करायचें होतें?

२२ जाने., शनि.
तिरुवैयारूला गेलें. ह्यांना सांगितलें, देवळांत जातें. कदिरचे संपादक तिथले, वारले, पण त्यांच्या पत्नी विशालाक्षी मामी आहेत हें आमच्या मंडळींत सगळ्यांना माहीत. इतक्या वर्षांत कोणी भेटायला गेलें नाहीं. मीही नाहीं. नदीकांठीं संगीताच्या उत्सवाचा मांडव घालत होते.
मामींनी आधीं कॉफी दिली, मग कोण म्हणून विचारलें.
कदिर कोणी काढला म्हटल्यावर: “आमचे आर्टिस्ट? ते गेले कीं. अंक बंद पडला त्याच वर्षीं. माझे यजमान मयताला गेले होते.”
धरलें होतें तसेंच निघालें! आनंद झाला, लिहायला लाज वाटते.
मग मामीच म्हणाल्या, “त्यांच्याबरोबर एक पोरगा यायचा. सेल्वम्. समुद्रकांठच्या तूतुकुडीचा. आर्टिस्टना समुद्र काढतां येत नव्हता. त्यांनी कधीं नीट बघितलाच नव्हता. चेहरे, माणसें त्यांचीं. पाणी, होड्या, दीपस्तंभ सगळें त्या पोराचें. शेवटीं शेवटीं त्यांचे हात कांपायला लागले तर चेहरेही तोच काढी. यजमान त्याचें नांव घालायचें म्हणत होते. राहून गेलें.”
सेल्वम् तोच सेल्वराज का?
मामी म्हणाल्या, “आतां बघितला तर ओळखेन असें नाहीं.”
बसमध्यें सारखा समुद्र डोळ्यांपुढें. अण्णांना काय आवडतें कदिरमधलें? चेहरा नव्हे. होडी कुठें आहे तें.

२३ जाने., रवि.
सगळ्यांसमोर नाहीं. तो अंगणांत हात धुवायला आला तेव्हां गांठला. मामींनी सांगितलें तें सांगितलें.
त्यानें नळ बंद केला. मग: “‘समुद्र मी काढला’ म्हणून आलों असतों, तर तुम्ही उभे राहिला असतां?”
मी म्हणालें, मी तशीही उभी राहिलें नव्हतें.
“हां. तुम्ही नाहीं.”
तेवढ्यावरून खरा ठरला का? मामींकडे जाऊन तोही हेंच ऐकून आला नसेल कशावरून? आणि खरा असला तरी अंक परत आणीलच असें कुठें आहे? खरे लोक फसवत नाहींत का?
समुद्र काढून दाखव म्हणालें. “आतां नको, टीचरम्मा,” एवढेंच. हात पुसत आंत गेला.
बाकीचे गेल्यावर अण्णांना सगळें सांगितलें. ऐकून घेतलें. मग म्हणाले, “माझे नातू अमेरिकेंत. तमिळ वाचत नाहींत, मराठी बोलत नाहींत. माझ्या मागें हें कपाट कोणाचें? तो बुडवील तर एकदां बुडवील. वाळवी रोज बुडवते.”
“मला द्या कीं,” असें ओठांवर आलें होतें. म्हणूनच तर भांडत नाहीं ना मी इतकी? माझाच भरंवसा वाटेना.

२४ जाने.
बस स्टँड. अंकांनी भरलेली अण्णांची लोखंडी ट्रंक सेल्वराजनें टपावर चढवली. मी शाळेला रजा टाकून गेलें, अण्णांना हाताला धरून. आज हात दिला त्यांनी.
बस सुटायच्या वेळीं पिशवींतून माझा दिवाळी अंक काढला आणि खिडकींतून आंत दिला. कां? माहीत नाहीं. अपुरा संच घेऊन गेला असता तर ‘छापतां आलें नाहीं’ म्हणून परत न येण्याला निमित्त मिळालें असतें, असें कांहीं तरी मनांत. किंवा नाहीं.
त्यानें दोन्ही हातांनी घेतला. सही करूं का म्हणून विचारलें नाहीं. तें आवडलें. लगेच वाटलें, हेंही त्याला ठाऊक असेल, मला काय आवडतें तें.

६ फेब्रु., रवि.
पत्र नाहीं. नंबर लागतो, कोणी उचलत नाहीं. बैठकीला दोघेच आले. एकजण म्हणाला, “टीचर बघत होत्या ना, त्यांनी कसें जाऊं दिलें?” आतां दोष माझा.
हे म्हणाले, “गेले तर गेले, जुने कागद.” पण मग रात्रीं जेवतांना स्वतःहून विचारलें, “फोन लागला का गे?”

२० फेब्रु., रवि.
आज मी आणि अण्णा, बाकी कोणी नाहीं. कपाटाला कुलूप नाहीं, लावायचें कशाला. अण्णा नेहमीच्या जागीं बसले. म्हणाले, “वाच.”
“काय वाचूं अण्णा?”
“आठवेल तें.”
सुरुवात केली. कदिर वर चढतो, वारा सुटलेला, दिवा विझतो. इथपर्यंत होतें तसें. पुढचें आठवेना. थांबलें तर त्यांना वाईट वाटेल म्हणून पुढें सांगत गेलें. वादळांत एक होडी काढली, तिच्यांत एक म्हातारा बसवला, कदिर दोर टाकतो. अंगावर पाणी उडाल्यासारखें सांगितलें. असा अंक नाहीं. कधीं नव्हता.
अण्णा मान एका बाजूला करून ऐकत होते. सगळे अंक त्यांना तोंडपाठ. अडवतील म्हणून वाट बघितली. अडवलें नाहीं.
संपल्यावर एवढेंच विचारलें, “होडी कुठें आहे म्हणालीस? डावीकडे कीं उजवीकडे?”