मिटल्या डोळ्यांचा सिनेमा

ताई,

आज संध्याकाळी दुकानात शिवण उरकत होते, तेवढ्यात शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली माझी मैत्रीण आली. मशीनचा दिवा मालवून म्हणाली, "ऊठ! आधी जेवू, मग सिनेमाला जाऊ." आई अंथरुणाला खिळल्यापासून नऊ वर्षं मी तिच्या अशा बोलावण्याला नाहीच म्हणत आले. आता आई जाऊन महिना झाला, नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

पोटभर जेवलो, वेड्यासारखं हसलो. सिनेमात जिन्यावरून कुणी दबक्या पावलांनी यायला लागलं, तसे मी डोळे गच्च मिटले. लहानपणी अशा वेळी तू माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचीस आणि पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगायचीस, भीतीचं तेवढं गाळून. आज ते आठवलं आणि रडूच फुटलं.

"अगं, एवढी घाबरलीस?" मैत्रिणीने विचारलं.

आई गेली त्या दिवशी तू मला विचारलंस, "माझी आठवण काढली का गं तिने?" मी "नाही" म्हणाले. ते खोटं होतं, ताई. शेवटपर्यंत ती रोज विचारायची, "मोठी आली का?" सगळं करायचं मी आणि वाट पाहायची तुझी, याचा मला राग होता.

हे पत्र मी टाकणार नाही. असलं कागदावर लिहून मोकळं होणं बरं नव्हे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने येते. ऐकून झाल्यावर हवं तर दोन थोबाडीत दे, पण दार उघड.

तुझी धाकटी