जन्मतःच मुदत संपलेलं टोकन

८ डिसेंबर, सोमवार
सकाळपासून नरडाण्याच्या हिलाल आबांचा चौथा फोन! जिनिंगला कापसाची गाडी नेण्याचा नंबर आमच्या ॲपवर लागतो. "पोरी, तुन्हं ॲप माले मझार लेस नि लगेच बाहेर काढस. मी काय चोर शे?" शुक्रवारपासून बठ्ठ्यांचं, सगळ्याच शेतकऱ्यांचं, हेच रडगाणं.
मालक म्हणजे प्रेमराज नाना. म्हणाले, "नूतन, शनिवारपर्यंत मिटव. नाहीतर तुझ्या ट्रायलचं मला बघावं लागेल." कायम होण्यासाठी सहा महिने ट्रायलवर राबले, ते हे ऐकायला!

९ डिसेंबर
लॉगिन झालं की पुण्याचं मशीन टोकन देतं — गेटपासच तो. आमचा ऑफिसचा सर्व्हर तो तपासतो. आबांचं टोकन टर्मिनलमध्ये उलगडलं. नाव बरोबर, गाव बरोबर, सही खरी, मुदत पंधरा मिनिटं. तरी सर्व्हर म्हणतो, मुदत संपली! मेल्या, आत्ताच तर दिलंय!

१० डिसेंबर
काही सुचत नाही. जेवले नाही. चिडचिड.

११ डिसेंबर
सापडलं!! वैतागून टर्मिनलमध्ये 'डेट' टाइप केलं. सर्व्हर म्हणे अकरा वीस. माझा मोबाइल म्हणे अकरा पाच!
शेजारच्या टेबलावरची संघमित्रा हसून हसून लाल. "अगं, लोक वेळेवर यावेत म्हणून नानांनी शुक्रवारी भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं ना? हजेरी सर्व्हरवर लागते, म्हणून त्याचंही केलं!"
म्हणजे पुण्याहून निघालेलं टोकन इथे पोहोचेपर्यंत मेलेलंच. तीन दिवस मी स्वतःला गाढव म्हणत होते!
आता नानांना सांगणार कोण? मीच.

१२ डिसेंबर
सांगितलं. नाना — "म्हणजे चूक माझी?"
मी — "नाही नाना, घड्याळाची."
नाना म्हणाले, कर नीट. केलं. पाच मिनिटांत आबांचा फोन, "आते मी मझारच बठेल शे!" नाना मात्र दिवसभर बोलले नाहीत. उद्या शनिवार. आईला काही सांगितलं नाही. खरंच भीती वाटतेय.

१३ डिसेंबर, शनिवार
नाना आलेच नाहीत. बसल्या बसल्या स्वतःचं टोकन उलगडलं. कर्मचाऱ्यांच्या टोकनात एक ओळ जास्त असते, हे आजच कळलं.
नोकरी: कायम, १ डिसेंबरपासून.
म्हणजे सोमवारी नाना मला दम देत होते, तेव्हा मी आठवडाभर आधीच पक्की झालेली होते!