बाळच्या सदऱ्याचा रंग

डोंबिवली (पूर्व)
श्रावण, बुधवार

ती. प्रमोदिनीताईस,

वासंतीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठातली दोन अंगं हल्ली टेकत नाहीत, तेवढं चालवून घे). भाऊजींचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं, पावसाळ्यात तरी ती जळगावची केळी सोडा. माझं इथे ठीक चाललंय. शाळा आहे, गुडघे आहेत, वरच्या मजल्यावर भिंती फोडणारं बिऱ्हाड आहे, आणि सकाळी जेमतेम येणाऱ्या पाण्यात अख्ख्या सोसायटीचा स्वभाव कळतो. पत्र बसून वाच आणि आधी चष्मा लाव. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही (निदान हल्ली तरी नाही).

तर झालं असं, की माझा एक जुना विद्यार्थी पंढरी परवा पेढे घेऊन दारात उभा राहिला. हा तोच कार्टा, ज्याने चित्रकलेच्या परीक्षेत हत्तीला पोपटी रंग दिला होता आणि वर मलाच म्हणाला होता की बाई, पावसात दिसत असेल असा. मी त्याला तासभर बाकावर उभं केलं होतं. आता तो वागळे इस्टेटमध्ये गाळा घेऊन, कंप्युटर लावून, जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांना रंग देतो! आहे की नाही गंमत? ज्याला मी नापास केलं त्याला लोक पैसे देऊन रंगवायला सांगतायत. म्हणाला, बाई, एक मोठं काम मिळालंय, गणपतीत कॅसेट बाजारात यायची आहे, पण त्या काळचे रंग सांगणारं कुणीतरी हवं, आणि तुम्ही ठाण्याच्या. सिनेमा कुठला म्हणून विचारलं, तर तोच गं. बेचाळीसच्या भूमिगतांचा, आपल्या खाडीवर काढलेला. तू त्याचं नाव घरात घेऊ देत नाहीस म्हणून मीही लिहीत नाही.

नाही म्हणायला हवं होतं. पण कौतुकाने माझं डोकं फिरतं हे तुला माहीत आहे. शीळफाट्यावरून धक्के खात येणारी एसटी पकडली, खोपटला उतरले, रिक्षावाल्याशी भांडले आणि गाळ्यात पोचले. बाहेर लोखंड कापण्याचा कर्णकर्कश आवाज, आणि आत एसीमुळे थंडगार. (एसी माणसांसाठी नाही, यंत्रासाठी. माणसांसाठी स्वेटर.) पंढरीने आधी स्वतःची करामत दाखवली. गोऱ्या साहेबांचे गाल जत्रेतल्या बाहुल्यांसारखे गुलाबी, नायिकेचं पातळ पोपटी (सवय जाते होय?), आणि सगळा मोर्चा झेंड्यासकट इतका स्वच्छ, की तुरुंगात जायला निघालेत का मुंजीला, काही कळू नये. मी म्हटलं, अरे मूर्खा, पांढरा सदरा एकाच्याही अंगात नव्हता. सिनेमावाल्यांनी ठाण्यातल्या पोरांना निरोप धाडला होता, आपापले कपडे घालून या, पण पांढरं नको, उन्हात पडद्यावर चमकतं. तेव्हा घरोघरी देशभक्तांचे सदरे आदल्या दिवशी चहाच्या पाण्यात नाहीतर निळीत बुचकळून काढले होते. पंढरी डोकं धरून बसला. म्हणाला, बाई, मग गोष्टीतला रंग देऊ की खरा? मी म्हटलं, खरा दे. (हे मी का बोलले!)

काम असं चालतं. एका चित्रात माणसाला हाताने रंग भरायचा, मग यंत्र तोच रंग पुढच्या चित्रांतून ओढत नेतं. मोर्चा खाडीच्या पाण्यातून वर येतो तो प्रसंग घेतला. माणसामागून माणूस रंगत गेला. डावीकडून तिसरा तेवढा राहिला. कमरेपर्यंत पाण्यात, केस कपाळाला चिकटलेले, तोंड पलीकडे वळवलेलं, त्यामुळे फक्त कान आणि मान दिसते. ताई, तो कान मी कुठेही ओळखेन. पंढरीला मी काहीच सांगितलं नव्हतं. चार-पाच सेकंदांचा आपला भाऊ, बाळ. आईने तेराव्यानंतर त्याचे सगळे फोटो खाडीत सोडले, तेव्हा जगात त्याचं चित्र उरलंय ते एवढंच.

पंढरीने आधी सवयीने सदरा पांढराच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाळ परत राखाडी. आजूबाजूची पोरं रंगीत, पाणी हिरवट, आणि मधोमध हा राखेचा. पंढरी म्हणाला, साठवायला विसरलो असेन. मग चहाचा रंग दिला. सकाळी राखाडी. मग निळीचा. सकाळी राखाडी. मग मी स्वतः शेजारी बसून हळदीचा द्यायला लावला, यंत्र माझ्यासमोर बंद केलं, कुलूप माझ्यासमोर लावलं आणि किल्ली पर्समध्ये घालून घरी आणली. सकाळी उघडलं. राखाडी. पंढरी म्हणतो यंत्रात काहीतरी बिघाड आहे, पण बिघाड नेमका आपल्याच माणसापुरता कसा असेल?

आणि हे मी कुणाला बोलले नाही, तुलाच लिहिते. प्रत्येक चुकीच्या रंगानंतर त्याची मान थोडी वळते. आधी नुसता कान होता. निळीनंतर गालाचं हाड दिसायला लागलं. हळदीनंतर भुवई आली. मी पंढरीला म्हटलं, तुला काही दिसतंय का रे? तो म्हणाला, बाई, मी तिकडे बघतच नाही, मी फक्त बाकीच्यांना बघतो. एवढा बाप्या माणूस, पण आता गाळ्यात एकटा बसत नाही. गाळ्यात सारखा ओल्या कपड्यांचा वास येतो. एसी गळतोय म्हणून माणूस बोलावला, तर तो म्हणाला एसी कोरडा ठणठणीत आहे आणि बिल ठेवून गेला.

कोळणींच्या लुगड्यांचे रंग विचारायला पंढरीने चेंदणीहून मनुबाईला आणलं. सिनेमातल्या त्या मोर्चात तीही होती, तेव्हा परकरी पोर. म्हातारीने आपलं लुगडं भरजरी होतं असं छातीठोकपणे सांगितलं (परकर नेसून लुगडं कसं दिसणार? पण तिच्याशी कोण वाद घालणार!). पापलेटचे भाव सांगितले, पंढरीच्या लग्नाची चौकशी केली, आणि मग तो प्रसंग लागला. पदराने तोंड झाकून एवढंच म्हणाली, "ह्यो पोर अजून ओलाच हाय गो." आणि चहा न घेता निघून गेली. पंढरीने देवाच्या फोटोची उदबत्ती काढून यंत्राला ओवाळली.

आता पंचाईत ही, की कॅसेटवाल्या वितरकाने काल येऊन पाहिलं आणि निकाल दिला. रंगीत सिनेमात एक माणूस राखाडी चालणार नाही, गिऱ्हाईक कॅसेट परत आणेल. रंग चढत नसेल तर तेवढा तुकडा कापा. चार-पाच सेकंदांनी कुणाचं काय बिघडतंय, म्हणाला. मी त्याला काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण तो मला "मॅडम" म्हणायचा तो थांबला. तरी कापणार म्हणजे कापणार. म्हणजे बाळ दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी माझ्या डोळ्यांदेखत.

असो. तुला मी काहीच विचारत नाहीये. तुला तो विषय नको असतो, मला ठाऊक आहे. इकडचं तिकडचं कळवावं म्हणून लिहिलं झालं. मोठ्यांना वाकून आणि छोट्यांना बसूनच, माझ्याकडून काय ते सांग.

तुझी,
वासंती

ता. क. : विचारतेच. तो सदरा कुठल्या रंगाचा होता गं? मी तेव्हा आजोळी होते. आईकडून एवढंच कळलं, की त्या सकाळी सदऱ्यावरून तुम्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, बाळ न जेवता शूटिंगला गेला, दिवसभर पाण्यात उभा राहिला, तापाने फणफणून घरी आला आणि पुन्हा उठला नाही. तुझ्याशी त्याचं शेवटचं बोलणं ते भांडणाचं. तेव्हापासून तू त्याचं नाव घेतलेलं नाहीस. मी कधी विचारलं नसतं. पण खरा रंग मिळाला तर तो राहील, नाहीतर कापतील. नुसत्या कार्डावर एक शब्द लिहून टाक. बाकी काही लिहू नकोस.

ता. क. दुसरा, शनिवार : पाकीट चिकटवलं होतं ते फोडलंय. रंग कळवू नकोस. काल शुक्रवार, इस्टेटीत वीज नसते, गाळा बंद होता. आज सकाळी पंढरी स्वतः न्यायला आला. सदऱ्याला रंग आलाय. फिकट गुलाबी, तोही धड नाही. एक बाही गडद, खांद्यावर ढग, खिशापाशी नुसते ओघळ. पंढरी म्हणाला, बाई, आईशप्पथ, असा रंग मला भरताच येत नाही. त्याला कुठून येणार! नवं कोरं लाल लुगडं आणि पांढरा सदरा एका बादलीत भिजत घातल्याशिवाय असा रंग येत नाही, हे कुठलीही बाई सांगेल. ताई, एवढ्यासाठी? अगं वेडे, एवढ्यासाठी तू जन्मभर जिभेवर दगड ठेवलास?

त्याने तोंड पूर्ण वळवलंय. मी आधी बोटांच्या फटीतून पाहिलं, खोटं कशाला सांगू. पण तो रागावलेला नाहीये गं. सगळे दात दिसतायत. ती गुलाबी बाही वर धरून दाखवतोय, आणि बाजूची पोरं, झेंडेवाली, बंदुकांसमोर निघालेली, पोट धरून हसतायत! वितरक म्हणतो, आता तर नक्की कापणार, क्रांतीचा तमाशा झालाय. पुढच्या सोमवारपर्यंत पंढरी कात्री लावू देत नाही, त्याने शब्द दिलाय. त्याआधी ये. कल्याणला उतर, मी फलाटावर असते. बाळ ती बाही समोर धरून उभा आहे, आणि ती काही मला दाखवायला नाही.