पाचव्या भागाचं गाऱ्हाणं

रविवार, संध्याकाळ. घाटकोपर.

घरी येऊन तास झाला, तरी ती काळी खिडकी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आमची ती लाडकी अंतराळातली सिनेमा-मालिका, सात भागांची. पहिला नंबर कुठल्या भागाला, यावरून संदेशकडे आज पुन्हा भांडण. संदेश मालवणचा, म्हणून नियमही त्याचाच. ज्याला आपला भाग वर हवा त्याने देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घालायचं, आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले तरच नंबर पक्का.

मी पाचव्या भागासाठी घातलं. एकानेही साथ दिली नाही.

"अगं, त्यात काही घडतच नाही यार," संदेश म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शेवट लाव आणि मग बोल.

लावला. यान बंद पडलंय, नायिका एकटी खिडकीशी, बाहेर नुसता काळोख. मग हळूहळू त्या काळ्या खिडकीत अख्खा ग्रह उगवतो. संगीत नाही, काही नाही. इतक्यांदा पाहिलंय, तरी पुढे सरकून बसलेच मी. मोबाईलला कुणी हात लावला नाही.

संदेशने चित्र तिथेच थांबवलं. साथ मात्र अजून कुणाचीच नाही. म्हणजे हरले का मी? कळेना.

तेवढ्यात मागून हलकेच आवाज आला, "व्हय म्हाराजा."

संदेशची आई. या मालिकेतला एकही भाग न पाहिलेली. कोलंबी सोलता सोलता उठून स्वयंपाकघराच्या दारात आली होती, आणि तेच ओले हात तिने टीव्हीसमोर जोडले होते.