चित्रात नसलेला सातवा लाईट

३ नोव्हें., सोम.
मेश्राम सर दुकानात आले. शाळेत मला विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर जुनी पांढरी कार घेतली आहे, तिचा हॉर्न वाजत नव्हता. मी जयभीम केला. त्यांनी मान हलवली आणि पहिलाच प्रश्न : "कॉलेज काहून सोडलं बे?"
जसं काही आमच्या कटंगीत कुणाला माहीत नाही! बालाघाटला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रॅक्टिकलवाल्यांनी वहीवर सही दिली नाही, मी ती वही त्यांच्यासमोर टराटरा फाडली. विषय संपला, कॉलेजही संपलं.
"मन नाई लागलं सर."
हॉर्नची तार उंदरानं कुरतडली होती. दहा मिनिटांचं काम. पण आजची खरी गोष्ट ती नाहीच. गाडी चालवत कोण आलं? वर्षा. सरांची मुलगी, शाळेत एक वर्ग मागे होती. गाडी शिकून राहिली. क्लच दाबताना वाकून पाहते. मला म्हणाली, "नितेश, पायाजवळ लाईट लागतो का? सांज झाली का मले ब्रेक कोणता न क्लच कोणता, काई समजत नाई."
मी म्हणालो, हौ, लागतो. घरीच बनवतो मी.
जन्मात कधी बनवला नाही.

४ नोव्हें.
गुड्डू भैया म्हणजे माझे उस्ताद, गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान त्यांचंच. म्हणाले, "अरे बाज़ार से पट्टी ला, चिपका दे, ख़तम." नाही चिपकवणार. ज्याच्या त्याच्या गाडीत ती निळ्या लाईटची पट्टी. 'घरी बनवतो' म्हटलं म्हणजे म्हटलं.
तुमसरच्या बसवाल्याकडून सुटे एलईडी मागवले. पिवळे. थोडे गुलाबी पण. वर्षाला गुलाबी पाहिजे होता, पण सर म्हणे, "गाडी होय ते, ऑर्केस्ट्राचा स्टेज नोहे. पिवळा. बस."

६ नोव्हें.
सर गाडीला हातच लावू देत नाहीत. "पहिले वायरिंगचं चित्र काढून आण. मी तपासतो. मग स्क्रूड्रायव्हर."
मी काय आठवीत आहे का??

८ नोव्हें., शनि.
काढलं चित्र. शंभर पानी वही आणली, स्केलनं रेघा मारल्या. सरांनी ओट्यावर बसून लाल पेन उघडला. दहापैकी चार. "फ्यूज कोठी हाय? गाडी पेटवतं का माही?"
डोक्यात सणक गेली. हात पानाच्या कडेवर गेलाच होता. वर्षा दारात उकडलेले शिंगाडे सोलत उभी. म्हणाली, "चार भेटले? मले तर दोनच देत होते बाबा." आणि एक शिंगाडा माझ्याकडे फेकला.
वही फाडली नाही. लिहून ठेवतो : फाडली नाही.

१० नोव्हें.
दहापैकी दहा!! तीन-तीन एलईडींच्या दोन माळा, एक ड्रायव्हरच्या पायाशी, एक बाजूच्या. प्रत्येक माळेला एक रेझिस्टर, म्हणजे करंट आवरून धरणारा. बॅटरी बारा व्होल्टची, बारा धरून हिशोब केला, एकशेवीस ओहम. फ्यूज पण दाखवला. सरांनी भलीमोठी टिक मारली. मग चष्म्यावरून पाहत : "काम बिघडलं तर या फाटकात पाय नाई ठेवायचा."
मंजूर सर.

१२ नोव्हें., बुध.
बसवले. दिवसभर डॅशबोर्डखाली उलटा लटकलो, मान अकडली. पाच वाजता बटण दाबलं. सहाच्या सहा लागले. तिची आई म्हणे, "कसं देवळीतल्या दिव्यासारखं दिसते!" वर्षानं चप्पल काढून पाय त्या उजेडात ठेवले, बोटं हलवली. मी दुसरीकडे पाहिलं. मग परत पाहिलं.
आणि एक गोष्ट फक्त इथे लिहितो. सातवा लावला. गुलाबी. स्टीअरिंगखाली, चावीच्या भोकापाशी. कुणाला दिसू नये म्हणून भारी रेझिस्टर टाकून अगदी मंद ठेवला. पिवळे चालू असले की त्याचा पत्ताच लागत नाही. चित्रात तो नाही.
माझी हिंमत एवढीच.

१६ नोव्हें., रवि.
वाट लागली.
खैरलांजीकडे तिच्या मावशीच्या गावी मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. सर म्हणाले, "चाल, रस्त्यात गाडी रुसली तर पाहशीन." मावशीकडचं जेवण, मेळ्यातली जिलेबी, आकाशपाळणा. पाळण्यात मी वर आणि ती खाली, मग ती वर आणि मी खाली. दिवस कसा गेला!
येताना वर्षा चालवत होती, सर बाजूला, मागे मी आणि काकू, म्हणजे तिची आई. धानाच्या बांध्यांवर अंधार पडला. तिनं आपले पिवळे लावले. एकदाही खाली वाकली नाही. मी मागे बसून फुगत होतो.
कटंगी पाचेक किलोमीटर राहिली आणि एक माळ फडफडली. गेली. मग दुसरी गेली. वर्षानं गाडी बाजूला घेतली. गाडीत काळोख, आणि त्या काळोखात चावीपाशी एकच, गुलाबी.
काकू : "हे काय होय वं?"
सर : "हा चित्रात नोहता."
मला सरळ उत्तर देता आलं असतं. पण मी ओरडलो. "टिक तुमीच मारली होती न! दहापैकी दहा!" उतरलो, दरवाजा आपटला, घरापर्यंत पायी.

१७ नोव्हें.
उस्ताद : "बोला था ना, पट्टी चिपका."
जेवण नाही गेलं.

१९ नोव्हें., बुध.
वर्षा आली! एकटी, गाडी घेऊन. मी काही म्हणायच्या आत, "मीटर दे."
तिनंच बॅटरीला लावला. बारा पॉइंट सहा. "आता गाडी चालू कर." केली. चौदा पॉइंट चार.
दोघं त्या आकड्याकडे पाहत राहिलो. गाडी चालू झाली की डायनामो बॅटरी भरायला लागतो, व्होल्टेज चढतो. दुकानात रोज पाहतो मी हे! पण बॅटरीवर बारा लिहिलेले, म्हणून बारा धरले. एलईडींचा वाटा तेवढाच राहतो, चढलेला सगळा रेझिस्टरवर, म्हणून करंट दुप्पट गेला आणि एलईडी भाजून निघाले; भारी रेझिस्टरवाला सातवा तेवढा वाचला.
"बाबानंही बाराच धरले," ती म्हणाली. "दोघंही नापास!" आणि हसत सुटली. उस्तादही हसले. मग मी पण.
जाताना काच खाली केली. "तुहा तो सातवा अजून चालू हाय. मी बंद नाई केला."
आज दुकानात तीन गाड्या आल्या. काय दुरुस्त केलं, आठवत नाही.

२१ नोव्हें.
नवे एलईडी आणि दोनशे सत्तरचे रेझिस्टर घेऊन गेलो. फाटकाबाहेरच उभा राहिलो.
"आत ये न."
"पाय नाई ठेवायचा म्हणलं होतं तुमी."
सर चावी घेऊन उठले. "हौ, म्हणलं होतं. मग गाडीच बाहेर काढतो."
खरंच काढली! शब्द मागे घेतला नाही, गाडी रस्त्यावर आणली. मी खाली लटकलो, सर वाकून टॉर्च धरून. जुन्या माळा काढल्या. मग मीच, "सर, त्या दिवशी मी भल्ला जोरात बोललो." ते म्हणाले, "टॉर्चनं दिसते का नीट?"
दिसते सर.
गाडी अर्धा तास चालू ठेवली. सहाही थंड, सहाही चालू. सातव्याबद्दल एक शब्द नाही. वही मात्र मागून घेतली.

२२ नोव्हें., शनि.
दुपारी वर्षानं वही आणून दिली. उद्या दहा वाजता तुमसर, ती चालवणार, सर मागे बसणार. "तू पुढं बस, लाईट पाहायले. न वही भरून आण." एवढंच बोलून गेली.
उघडली. दहापैकी दहा खोडून सात. त्याखाली सरांच्याच अक्षरात : 'तपासणारा – शून्य.'
आणि चित्राच्या कोपऱ्यात सातवा लाईट काढलेला, बाजूला ७. पेन्सिलनं. रेघ वर्षाची आहे, तिचा ७ मी ओळखतो. रंगाच्या जागी 'गुलाबी'. त्यासमोर लाल पेन : 'क्र. ७. उद्देश लिहा. ३ गुण.'
म्हणजे दोघांनी बसून... सरांना सगळं...
लिहिलं : चावीचं भोक दिसावं म्हणून. खोडलं.
शोभेसाठी. खोडलं.
चाचणीसाठी. हे तर खोडून पानच चुरगळलं. फाटलं नाही.
पेन्सिल बाजूला ठेवली आहे. आता खरं तेच लिहायचं, म्हणून पेन घेतला.