यम्माला हे वाचू नकोस

गाव, हौरान
२४ ऑगस्ट २०२५

ती. वतफाताई हिस,
धाकट्या खितामचे सलाम वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. अबू हज्जाने टॅक्सी दारात उभी केली, पण मकदूसची, तेलात मुरवलेल्या वांग्यांची, बरणी हातात पडल्याशिवाय गडी पत्र खिशातून काढेना! त्याला म्हटलं, की तू सीमेवरून पत्रं आणतोस की माझ्या वांग्यांवर डोळा ठेवून येतोस? तर म्हणाला, दोन्ही.

तुझं पत्र मी यम्माला रोज सकाळी वाचून दाखवते. तिला ते रोज नवं असतं. तुला खोकला झालाय ही ओळ आली की रोज तिचा जीव खाली-वर होतो, रोज ती मला बडीशेप पाठवायला सांगते, आणि रोज मी हो म्हणते. फोनवर तुझा आवाज तिला नीट ऐकू येत नाही, आणि आला तरी संध्याकाळपर्यंत राहत नाही. कागद बरा. म्हणून तू लिहीच, आणि जरा हात सैल सोडून लिही. चार ओळी खरडून पाठवतेस, त्या मलाच पुरत नाहीत.

आता खरं सांगते. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. गेल्या आठवड्यात तिला स्वतःच्या सख्ख्या बहिणीचं नाव आठवेना. मला, पोटच्या मुलीला, ती कधी खिताम म्हणते, कधी शेजारीण समजून पाणी विचारते. तू मात्र अजून पक्की आहेस. वतफा कुठाय, वतफा जेवली का, हे चालूच असतं. पण किती दिवस?

बारा वर्षं झाली, ताई. लढाई थांबली, रस्ता उघडला, अर्धं गाव परत आलं, आणि तू अजून त्या पत्र्याच्या खोलीत काय करतेस? ऑलिव्ह उतरवायच्या आत ये. यम्माला तू आठवतेस तोवर ये.

मुलं मावशीला सलाम सांगतात. लोभ आहे तो वाढव, आणि स्वतःच घेऊन ये.

तुझी,
खिताम

०

निर्वासितांचं शिबिर, तिसरा विभाग
२ सप्टेंबर २०२५

चि. खिताम हिस,
अनेक आशीर्वाद.

नाव लावलं! ९ ऑक्टोबर, गुरुवारची बस. फाटकावर शिबिराचं कार्ड जमा करायचं, अंगठा द्यायचा आणि बसायचं. एकदा कार्ड दिलं की इकडे परत पाऊल टाकता येत नाही. न येवो! बारा वर्षं या धुळीत कपडे धुतले, पांढरा एकही पांढरा राहिला नाही.

यम्मा, तुझी वतफा येतेय. खोकला बरा आहे. विहिरीजवळच्या तुतीखाली तू मला जसं मांडीवर डोकं ठेवू द्यायचीस तसं ठेवणार आहे. केस पिकलेत, हसू नकोस. ताक घालून मटणाची मलीही करून ठेव, आणि खितामला हात लावू देऊ नकोस, तिचं ताक नेहमी फुटतं.

खिताम, इथून पुढचं यम्माला वाचू नकोस.

माझं काम तिला शिवणकामाचं म्हणून सांगितलंय तेच राहू दे. महिला केंद्रात शिवणाची यंत्रं आहेत हे खोटं नाही. बायका शिवणाचं निमित्त सांगून घराबाहेर पडतात आणि आतल्या खोलीत येऊन बसतात. कुणाला नवरा मारतो, कुणाच्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी स्थळ आलेलं असतं, कुणाला संडासाच्या वाटेवर अंधारात कोणी अडवलेलं असतं. मग डॉक्टरीण, पोलीसबाई, वकीलबाई, शाळेची बाई, दिव्यांचे लोक, पाण्याचे लोक, या सगळ्यांना मंगळवारी एका टेबलाशी बसवायचं, म्हणजे एकीला तिची गोष्ट सात ठिकाणी सात वेळा सांगायला लागू नये. हे टेबल माझं. प्रत्येकाला वाटतं, आपलंच काम महत्त्वाचं. मी ओरडते, मग कॉफी पाजते.

एक आहे, तिला मी शिवणवाली म्हणते. तिचं नाव तुलासुद्धा लिहिणार नाही. पाच महिने नुसती बसून बटणांची काजी करायची, एक शब्द नाही. परवा पहिल्यांदा बाही वर केली. तिचं काम मार्गी लावते आणि निघते.

मुलांना पापे. तुझी माया अशीच राहो, मी पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही.

तुझीच,
वतफा

०

गाव, हौरान
१४ सप्टेंबर २०२५

ती. वतफाताई हिस,
सलाम वि. वि.

अगं, काय सांगू! तुझ्या गादीची लोकर काढून धुतली, गच्चीवर वाळवली, आणि यम्माने काठी घेऊन स्वतः झोडली. मी आडवी गेले तर मलाच काठी दाखवली. पाचवीही मुलगी झाली म्हणून माझं नाव खिताम, म्हणजे 'शेवट', ठेवलं ना, तेव्हापासून या घरात माझं कोण ऐकतं!

बसची ओळ मी रोज वाचते आणि रोज ती ओढणीने डोळे पुसते. एवढा आनंद रोज ताजा मिळणारी बाई साऱ्या हौरानात दुसरी नसेल. कालपासून तिने दाराशी खुर्ची मांडलीय. अजून तीन आठवडे आहेत म्हणून सांगितलं, तर म्हणाली, की बस लवकर आली तर काय करशील.

माझ्या नवऱ्याने तुझ्या खोलीला नवं दार बसवलं. तिरकं बसलंय. तू काही बोलू नकोस, त्याला फार अभिमान आहे.

त्या शिवणवालीचं होईल गं. तू आहेस ना. पण गुरुवार विसरू नकोस.

वाट पाहणारी,
खिताम

०

शिबिर
३० सप्टेंबर २०२५

चि. खिताम हिस,
आशीर्वाद.

हे पत्र यम्माला अजिबात वाचू नकोस. मागचंच वाच.

मी ९ तारखेला येत नाही. माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

थंडीच्या आधी गॅसच्या शेगड्या वाटायच्या होत्या. ज्या बायकांना घर सोडावं लागेल अशी भीती आहे त्यांना स्वतंत्र शेगडी द्यावी, असं मंगळवारी ठरलं. यादी मी केली. बाईचं नाव कागदावर येता कामा नये हा आमचा पहिला नियम. मी मोठ्या शहाणपणाने सगळी नावं गाळली, आणि लिहिलं, उम्म अमुक, उम्म तमुक. अमक्याची आई, तमक्याची आई.

तुला कळलं का गं, मी काय केलं? पहिला मुलगा झाला की आपल्यात बाईचं नाव नवराही घेत नाही. गल्ली, दुकान, मशीद, सगळे तिला मुलाच्या नावानेच ओळखतात. तिचं खरं नाव लिहिलं असतं, तर त्या नावाच्या शिबिरात पन्नास बायका, रांगेत एकालाही पत्ता लागला नसता! वाटप करणाऱ्याने भोंग्यावर वाचलं, महिला केंद्राची यादी, वेगळं राहू पाहणाऱ्या बायकांची, आणि पुढे शिवणवालीच्या मुलाचं नाव. नवरा रांगेतच उभा होता.

मला मूल नाही. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला. बारा वर्षं इथे सगळे मला वतफाच म्हणतात. लपवायचं म्हणजे हे असलं नाव, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

तिचा हात दोन ठिकाणी मोडला. ती आता दुसऱ्या शहरात, कुठे ते मलाही ठाऊक नसलेल्या घरात सुखरूप आहे. मुलगा मोठा आहे, कामासाठी बाहेरगावी असतो. पण तिची तेरा वर्षांची मुलगी बापाकडे राहिली, आणि बापाने तिच्यासाठी चुलतभाऊ पाहिलाय, तिशीतला. शिबिरातल्या काझींपुढे २१ तारखेला सुनावणी आहे. वकीलबाई शिवणवालीला भेटून आल्या. बाकी कोणाशी ती बोलत नाही. माझ्यासाठी एकच निरोप दिला, की मला चव्हाट्यावर तू आणलंस, आता शेजारी तू बस. तू नसलीस तर मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही.

कार्ड देऊन बसमध्ये बसले, तर २१ तारखेला मी सीमेच्या त्या बाजूला असेन. कशी येऊ?

रागवायचा तुला हक्क आहे, पण लोभ तोडू नकोस.

वतफा

०

गाव, हौरान
११ ऑक्टोबर २०२५

वतफा,

सलाम.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. तू म्हणालीस तसं मागचंच वाचत राहिले, आणि ते फार महागात पडलं. गुरुवारी यम्मा सकाळीच काळा झगा घालून खुर्चीत बसली. दुपारी जेवायला उठेना. अबू हज्जाची टॅक्सी आली तेव्हा उभी राहिली, आणि त्यातून सिमेंटची पोती उतरली. शेवटी मी सांगितलं, की बस पुढच्या आठवड्यात आहे. तिने माझ्याकडे बघून विचारलं, की बाई, तुम्हाला कसं ठाऊक?

तुला त्या बाईचं दुःख दिसतं. चूक झाली, कबूल. पण तिथे वकीलबाई आहे, पोलीसबाई आहे, टेबलभर माणसं आहेत. इथे मी एकटी आहे, बाकी तिघी बहिणी दूर देशी विखुरल्या. परक्यांच्या घरातली भांडणं मिटवायला तुला बारा वर्षं मिळाली आणि आईला द्यायला एक गुरुवार मिळत नाही? तू देवदूत असशील तिथल्या बायकांची. मला चीड आलीय आणि मी ती लपवणार नाही.

बडीशेप पाठवतेय. यम्माने सांगितली म्हणून, मी म्हणून नाही.

खिताम

०

शिबिर
२६ ऑक्टोबर २०२५

चि. खिताम हिस,
आशीर्वाद, तू घेत असलीस तर.

तुझं पत्र केंद्रात वाचलं आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. तिथे बसून रडणाऱ्या बायकांना मी पाण्याचा पेला देते. माझ्यासाठी कोणी आणला नाही, कारण दार मीच आतून लावलं होतं.

तू म्हणतेस त्यात खोटं काहीच नाही. रोज पहाटे उठले की पहिल्यांदा मला आपल्या अंगणाचा वास येतो, ओल्या मातीचा आणि तंदूरच्या धुराचा. डोळे उघडले की पत्रा. बारा वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही. मला यायचंय गं, मला फार यायचंय. तुझ्यापेक्षा जास्त यायचंय.

एकविसाला नवरा आलाच नाही. आजारी असल्याचं सांगून पाठवलं. काझींनी पुढची तारीख दिली, १८ नोव्हेंबर. ती मात्र आली होती. प्लॅस्टरमधला हात, चेहरा झाकलेला. तासभर बाकावर आम्ही बसलो. जाताना तिने तिच्या चांगल्या हाताने माझ्या झग्याची निसटलेली शिवण दाखवली आणि पुढच्या वेळी सुईदोरा आणते म्हणाली.

मुलीची शाळा शाळेच्या बाईने बंद होऊ दिली नाही, त्यामुळे रोज कुणाचा तरी डोळा तिच्यावर राहतो. मंगळवारचं टेबल आजवर एवढं गुपचूप कधी बसलं नव्हतं. मी ओरडत नाही, म्हणून सगळे घाबरलेत. नवा नियम केलाय. यादीत नाव नाही, मुलाचं नाव नाही, फक्त आकडा. माझ्या चुकीतून निघालेला नियम, रोज डोळ्यांसमोर भिंतीवर असतो.

यम्माला सांग, बस वाटेत बिघडली. शिवणकामानंतरचं हे दुसरं खोटं तुला बोलायला सांगतेय.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

वतफा

०

गाव, हौरान
१२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सलाम वि. वि.

मागचं पत्र मी रागाने लिहिलं, ते फाडून टाक. फाडलं नसशील, तुला ओळखून आहे मी.

ऑलिव्ह उतरवून झाले. यंदा चार डबे तेल निघालं. यम्मा झाडाखाली बसून पानं वेचत होती. परवा सकाळी नेहमीसारखं तुझं पत्र काढलं आणि वतफाचं पत्र आलंय म्हटलं. तिने शांतपणे ऐकलं, शेवटपर्यंत. मग म्हणाली, की किती चांगलं लिहिते, कुणाची मुलगी आहे?

मला वाटलं, उद्या आठवेल. दुसऱ्या दिवशी वाचलं, तिसऱ्या दिवशीही. रोज तेच विचारते. काल तर म्हणाली, बिचारीला आई नाही वाटतं, एवढी आठवण काढतेय म्हणजे.

हे तुला कसं लिहू, हा विचार दोन दिवस केला. लपवावं असंही वाटलं, म्हणजे तू येशील. पण तुला खोटं लिहवत नाही.

आता घाईचं काही उरलं नाही, ताई. अठराला तिच्या शेजारी बस. मुलीला सोडवून दे. ते अर्धवट टाकून आलीस तर इथे येऊनही तू तिथेच राहशील, हे मला आता कळतंय.

आणि एक. इतके महिने मी यम्माच्या नावाने तुला बोलावत होते. यम्माला तू हवीस, यम्मा वाट बघते, यम्माला आठवतेस तोवर ये. आता ते निमित्त गेलं, तर उघडच लिहिते. मला तू हवी आहेस. तू गेलीस तेव्हा मी सतरा वर्षांची होते. माझं लग्न तू पाहिलं नाहीस, मुलं पाहिली नाहीस, बाबांना मी एकटीने मातीआड केलं. मला माझी बहीण पाहिजे. यम्माला नाही आठवत तर नाही. मला सगळं आठवतं.

तुझी, आता कुणाच्याही निमित्ताशिवाय,
खिताम

०

शिबिर
२५ नोव्हेंबर २०२५

चि. खिताम हिस,
पुष्कळ आशीर्वाद, आणि डोक्यापासून पायापर्यंत पापे.

मुलगी मिळाली. काझींनी निकाह लागायच्या आधीच लग्न मोडलं आणि ताबा आईला दिला. त्या खोलीत शिवणवालीला तिचं नाव विचारलं, तेव्हा माझी बोटं तिने अशी दाबली की अजून दुखतायत. नाव तिने स्पष्ट सांगितलं. बाहेर मुलगी गळ्यात पडली तेव्हा शिवणवाली पहिल्यांदा मोठ्याने रडली. मला तिने माफ केलंय का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. झग्याची शिवण मात्र बाकावर बसून घालून दिली.

टेबल वकीलबाईंच्या हवाली केलं. त्या माझ्याहून मोठ्याने ओरडतात, चिंता नाही.

तुझं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. यम्माने विचारलं ना, कुणाची मुलगी? तिथे पत्र घडी करून ठेवलं. मग तुझी शेवटची ओळ वाचली आणि उठून थेट बसच्या खिडकीशी गेले. गुरुवार, ४ डिसेंबर.

सीमेवर तूच ये. नवऱ्याला आणू नकोस, मुलांना आणू नकोस, एकटी ये. आपल्याला जे काही रडायचंय ते रस्त्यातच रडून घेऊ. घरी नको. दारात कुणी अनोळखी बाई रडताना दिसली, तर यम्मा घाबरेल.

तुझी,
वतफा